विश्लेषण : ज्याचा विक्रम मोडायचा, तोच मदतीला! गान्नाचा ‘अवर रेकॉर्ड’ कसा घडला?

ट्रॅकवर एकट्याने तासभर सायकल चालवायची आणि अंतर मोजायचे. ‘अवर रेकॉर्ड’ म्हणजे इतकेच. इटलीच्या फिलिपो गान्नाने ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील ग्रेन्खेन येथे ५६.७९२ किमी अंतर कापले. २५० मीटरच्या ट्रॅकवर तब्बल २२७ फेऱ्या! सायकलला ना गिअर बदलण्याची सोय, ना ब्रेक.

आधीचा विक्रम कोणाचा?
ब्रिटनच्या डॅन बिगमचा. सात आठवड्यांपूर्वी त्याने याच ट्रॅकवर ५५.५४८ किमी अंतर कापले होते. गंमत म्हणजे बिगम तेव्हा गान्नाच्याच ‘इनिऑस ग्रेनेडियर्स’ संघात इंजिनीअर होता. स्वतःचा विक्रम मोडायला त्यानेच हातभार लावला.

सायकलपटूला इंजिनीअर कशाला?
या वेगात खरी झुंज हवेशी असते. वेग ५ टक्के वाढवायचा, तर हवा कापायला सुमारे १६ टक्के जास्त ताकद लागते. ती पायांतून आणणे कठीण. त्यापेक्षा बसण्याची ढब, हेल्मेट, कपडे यांमुळे होणारा हवेचा अडथळा कमी करणे परवडते.

अर्थात, गान्नाचे पायही साधे नाहीत. रस्त्यावरच्या टाइम ट्रायलमध्ये तो २०२० आणि २०२१ असा सलग दोनदा जगज्जेता ठरला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सांघिक परस्यूटच्या अंतिम फेरीत मागे पडलेल्या इटलीला त्याने शेवटी अक्षरशः ओढून नेले. डेन्मार्क ०.१६६ सेकंदाने हरला.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच शर्यतीत दोघेही उतरले. बिगमच्या ब्रिटनला रौप्य मिळाले, गान्नाच्या इटलीला कांस्य.