राजूर घाट आणि मुंबईची दुमजली बस

बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाट उतरला की एसटीत एक वास येतो. तापलेल्या ब्रेकचा. लहानपणी मला तो घाटाचाच वास वाटायचा. ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरवर टाकतो, इंजिन गुरगुरत तिला मागं ओढून धरतं, तरी ब्रेकवर पाय द्यावाच लागतो. गाडीच्या अंगातला सगळा जोर असा तापून वाऱ्यावर जातो.

हे आठवलं मुंबईत. बेस्टच्या वातानुकूलित डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी बसलो होतो. जुन्या लाल गाडीत ही जागा म्हणजे चैन. पण इंजिन पुढेच, ड्रायव्हरच्या शेजारी. सिग्नलला थांबलं की काच थरथरायची, दांडी धरलेल्या हाताला मुंग्या यायच्या. या गाडीची काच मात्र गप्प. बंद पडली की काय, म्हणून शेजारच्याकडे पाहिलं, तेवढ्यात ती निघालीसुद्धा.

मुंबईत दुमजली बस आली १९३७ साली. डिझेलवरची शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत धावून निवृत्त झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची रस्त्यावर आली होती. तिच्या बॅटरीत २३१ युनिट वीज मावते.

पण खरी गंमत तिच्या थांबण्यात आहे. मोटारीला वीज दिली की ती चाक फिरवते. चाकानं मोटार फिरवली की तीच वीज देते. सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पायडल कसं जड होतं? तो जडपणा हाच ब्रेक. ड्रायव्हरनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी मंदावते आणि बॅटरीत थोडी भर पडते. दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्या शहरात याहून सोयीचं काय!

आता हाच हिशेब राजूर घाटात मांडू. पंधरा टनांची भरलेली बस शंभर मीटर खाली आली की साधारण ४ युनिट ऊर्जा मोकळी होते. टायर, वारा आणि मोटार आपापला वाटा घेणारच. तरी दोन युनिट हाती लागले, तर घरातला ७५ वॉटचा पंखा दिवसभर फिरून वर थोडी वीज उरेल. आजवर आपण ती नुसती हुंगत आलो.

अडचण एकच, आणि ती खास बुलढाण्याची: गाव घाटमाथ्यावर. आगारातून बॅटरी काठोकाठ भरून निघालं, तर उतारावरची वीज ठेवायची कुठे? मलकापूरच्या गाडीला पोटात घाटापुरती जागा राखूनच निघावं लागेल.