मरवा आणि त्याची भावकी

आमच्या सेलूच्या बाजारात फुलवाल्याच्या टोपलीत मोगरा, अबोली, शेवंती असते. त्यांच्या जोडीला कधी हिरव्या काड्यांची एक जुडी दिसते. तो मरवा. त्याचे फूल बारीक, पांढरट. कोणाच्या नजरेत भरायचे नाही. तरी बायका गजऱ्यात तो मुद्दाम ओवून घेतात. मोगरा संध्याकाळी मलूल होतो, पण मरव्याचे पान वाळले तरी वास सोडत नाही.

असे का बरे? मोगऱ्याचा वास फुलात असतो, मरव्याचा पानात. पान उन्हात धरून पहा. त्यावर बारीक लव दिसेल. त्या लवीत तेलाच्या अगदी सूक्ष्म पिशव्या असतात. त्या पाहायला भिंग लागते. पान चुरगळले की पिशव्या फुटतात आणि घमघमाट सुटतो. झाडाने हे तेल काही आपल्या गजऱ्यासाठी केलेले नाही. किडीने आणि चरणाऱ्या जनावराने पानाला तोंड लावू नये, म्हणून ते आहे.

माणसांत जशी कुळे असतात, तशी झाडांतही असतात. मरवा तुळशीच्या कुळातला. हे कसे ओळखावे? त्यासाठी दारातली तुळसच पुस्तक समजा. तिची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवा. ज्वारीचे धाट गोल असते. ही काडी चौकोनी लागेल, चार धारांची. आता पाने पहा. पाने समोरासमोर, जोडीने येतात. त्यावरची जोडी आडवी येते. वरून पाहिले तर फुलीचा आकार दिसतो. फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात. मंजिरी वाळली की तिची एक वाटी तळहातावर चोळा. आत चार बारीक बिया निघतील. चौकोनी काडी, फुलीसारखी पाने, ओठांचे फूल आणि चार बिया, या चारही खुणा जुळल्या की ते झाड तुळशीच्या कुळातले.

या खुणा घेऊन शिवारात फिरा. पुदिना सापडेल, सब्जा सापडेल. शेतातला तुंबा आणि रस्त्याच्या कडेची दीपमाळ हीसुद्धा याच भावकीतली. जगात या कुळाच्या सुमारे 7,000 जाती आहेत. मग भांडण नको का व्हायला? पण ही भावकी बरी, वाटणीवरून कोर्टात जात नाही.

मरव्याचे मूळ गाव दूर आहे. सायप्रस बेट आणि तुर्कस्तानचा दक्षिण भाग हे त्याचे माहेर. त्याचा सख्खा भाऊ ओरेगॅनो. तो युरोपात वाढतो, तसा आपल्या हिमालयातही वाढतो. स्वीडनच्या कार्ल लिनियस या पंडिताने 1753 साली दोघांना एकाच घरात घालून नावे दिली. शहरात शिकणारी मुले पिझ्झा खातात, त्यावर भुरभुरायला जी पुडी मिळते, तीत बहुधा हाच वाळलेला पाला असतो. तो हुंगला की आपल्या ओव्याची आठवण होते. ओव्यात थायमॉल नावाचे द्रव्य आहे. ओरेगॅनोत ते आणि त्याच्या जुळ्या भावासारखे कार्व्हाक्रॉल असते. मरव्यात ही तिखट द्रव्ये फारशी नसतात, म्हणून तो गोडसर वासाचा.

पण वासावरून नाते जोडू नका. ओवा हा कोथिंबीर, जिरे, बडीशेप यांच्या कुळातला. त्याचा फुलोरा छत्रीसारखा असतो. उलट कुंडीतला जाड पानांचा पानओवा नावाने ओवा, पण कुळाने तुळशीचा.

एक झाड तर फार फसवते. ती म्हणजे घाणेरी, कोणी टणटणी म्हणतात. तिचीही काडी चौकोनी, पाने समोरासमोर, वास उग्र. तीन खुणांवर माणूस गप्प बसला तर फसला! तिचे फळ पहा. तुळशीत चार कोरड्या बिया असतात. घाणेरीला गरदार फळांचे घोस येतात, आधी हिरवे, मग काळे. ती दुसऱ्याच कुळातली आहे, आणि विषारी आहे. एरवी ढोर तिला तोंड लावत नाही. पण दुष्काळात चारा संपला, किंवा बाहेरगावचे नवे जनावर आणले, की ते खाते. मग त्याचे काळीज, म्हणजे यकृत, बिघडते. ते चारा सोडते, डोळे पिवळे पडतात. उन्हात कातडी लाल होऊन भेगाळते. असे दिसले तर जनावर सावलीत बांधा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. झाडपाला पाजत बसू नका. हिरवी फळे मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि कोणी ‘सुवासिक पाला आहे, औषधी आहे’ म्हणून काही देऊ लागला, तर आधी त्याची काडी, फूल, फळ पहायला मागा.

मरवा मात्र दारी जरूर लावा. दुधनाकाठची आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते, ते त्याला सोसत नाही, मुळे कुजतात. कुंडीत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळा. तळाला भोक ठेवा. कोवळी काडी खालची पाने खुडून खोचा, पेराला मुळ्या फुटतात. शेंडे खुडत राहिलात तर झाड दाट होते. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्या, पण ऊन मिळेल अशीच ठेवा.