दादरचा ‘एक नंबर’ नक्की कोणता? हास्केलमध्ये आकड्यांची तुलना समजून घेऊया

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मामेभावाची परीक्षा होती आणि त्याचं हॉल तिकीट माझ्याकडे राहिलेलं. फोनवर ठरलं, “दादरला एक नंबरवर भेट.” मी पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर, तो मध्य रेल्वेच्या! आकडा तोच, जागा वेगळी. पूल ओलांडून धावत गेलो, तोवर त्याची लोकल सुटली होती.

९ डिसेंबर २०२३ पासून हा घोळ मिटला. पश्चिम रेल्वेचे प्लॅटफॉर्म १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले.

प्रोग्रामिंगमध्येही हाच प्रश्न येतो: दोन आकडे सारखे दिसले म्हणजे ते समान असतात का? हास्केल ही फंक्शनल भाषा याबाबतीत भलतीच कडक आहे.

तुलना कशी होते?

हास्केलमध्ये ‘कंपेअर’ नावाचं फंक्शन आहे. त्याला दोन किमती द्या, तीनपैकी एक उत्तर मिळतं: एलटी (पहिली लहान), ईक्यू (दोन्ही समान) किंवा जीटी (पहिली मोठी).

कंपेअर ९ १० → एलटी
कंपेअर "९" "१०" → जीटी

दुसरं उत्तर उलटं का? अवतरणचिन्हात टाकलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मग तुलना एकेका अक्षराची होते. ९ आणि १ यांत ९ मोठा, विषय संपला! म्हणून नंबर मजकूर म्हणून ठेवले, तर मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मची यादी १०, ११, १२, १३, १४, ८, ९ अशी लागते.

आणि एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला मजकूर दिला तर? हास्केल अंदाज बांधत नाही. प्रोग्राम सुरू होण्याआधीच एरर देतं.

दोन ‘एक नंबर’ वेगळे ठेवायचे कसे?

‘न्यूटाइप’ वापरून ‘पश्चिम’ आणि ‘मध्य’ असे दोन वेगळे प्रकार बनवा. आत दोघांच्याही साधा पूर्णांकच. पण ‘पश्चिम १’ची ‘मध्य १’शी तुलना करायला गेलात, की हास्केल तिथेच अडवतं. आमच्या फोनवर असं अडवणारं कुणी नव्हतं, एवढंच!

फोनच्या ब्राउझरमध्ये हास्केल प्लेग्राउंड उघडून हे करून बघा. कोड मात्र इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाइप करा. आणि तुलना करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा ‘एक’ कुठला?