गिअरबॉक्सचं तेल आणि जिंतूरचा मे महिना

इंजिन ऑइल बघायचं तर गाडी बंद करतात, जरा थांबतात, मग पट्टी ओढतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल मात्र बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघावं लागतं. (होंडाच्या अनेक गाड्यांत ते इंजिन गरम करून, लगेच बंद करून बघतात.)

इंजिन चालू ठेवण्याचं कारण मोठं नवलाचं आहे. या गिअरबॉक्समधलं तेल नुसतं वंगण नसतं, ते ताकद वाहून नेतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या बंद डब्यात इंजिनाला जोडलेली पाती तेल फेकतात आणि त्या माऱ्याने समोरची पाती फिरतात, एकमेकांना न शिवता! वेग धरला की आतला एक क्लच दोघांना जोडून टाकतो. पण जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या वाटेवर चढाला थांबलेली गाडी सुटते, तेव्हा दीड टनाचा भार तेलच ढकलत असतं. हर्मान फोटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 साली ही युक्ती काढली, तीही जहाजांसाठी.

इंजिन बंद झालं की पंप थांबतो, कामावरचं तेल खालच्या तबकात उतरू लागतं आणि पट्टी खोटंच भरलेलं दाखवते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचं, ब्रेक दाबून दांडा सगळ्या गिअरांतून सावकाश फिरवायचा, पार्कमध्ये आणायचा आणि मग पट्टी काढायची. धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून पुन्हा पूर्ण आत घालायची, दोन्ही बाजूंनी बघायची. तेल लाल आणि पारदर्शक दिसावं. हा रंग मुद्दाम घातलेला असतो, खाली ठिबकलं तर कुठलं तेल ते कळावं म्हणून. काळपट झालं, जळका वास आला, तर मिस्त्रीकडे जावंच. एकेकाळी या तेलात देवमाशाचं तेल मिसळत. 1970 च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या तोडीचं दुसरं काही शोधावं लागलं.

आता उष्णतेचं. आठ लिटर तेल 20 अंशांवरून 80 अंशांवर गेलं की पाव लिटरहून जास्त फुगतं. पट्टीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात त्या यासाठीच. येलदरी धरणापर्यंत फेरी मारून आणलेली गाडी गरम खुणेवर वाचायची.

पण बऱ्याच नव्या गाड्यांत पट्टीच नसते. (2014 च्या सेलेरिओपासून भारतात आलेल्या एएमटी गाड्या वेगळ्या, त्यांत साधा गिअरबॉक्स आणि क्लच असतो, टॉर्क कन्व्हर्टर नसतो.) पट्टी नसलेली गाडी लिफ्टवर सपाट धरून खालचा बोल्ट उघडतात आणि जास्तीचं तेल धारेने वाहू देतात. धार तुटून थेंब पडू लागले की पातळी बरोबर. अट एकच : तेल कंपनीने सांगितलेल्या तापमानात हवं, अनेक मॉडेलांत साधारण 35 ते 45 अंश. ते स्कॅनर लावून बघतात.

जिंतूरला मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. दुपारी उन्हात उभ्या गाडीचं तेल इंजिन सुरू होण्याआधीच त्या मर्यादेला टेकलेलं असू शकतं. फुगलेलं तेल जास्त वाहून जातं, बोल्ट लागतो आणि गिअरबॉक्समध्ये कमी तेल राहतं, धार मात्र अगदी नियमाप्रमाणे थांबलेली असते. म्हणून इथे हे काम उन्हाळ्यात सकाळी, रात्रभर सावलीत थंड झालेल्या गाडीवर करून घ्यावं.