वयोवस्थेचे सोहळे : षष्ट्यब्दिपूर्ती ते शतकपूर्ती

प्रस्तावना :

दीर्घायुष्य व्यक्तीला लाभते. त्याचा सोहळा मात्र कुटुंब आणि समाज करतात. महाराष्ट्रात साठावे, पंचाहत्तरावे, ऐंशीवे व शंभरावे वर्ष या दृष्टीने विशेष मानले जाते. या टप्प्यांमागील कालगणना, सार्वजनिक जीवनात त्यांना लाभलेला अर्थ आणि या प्रथेतील स्त्रियांचे स्थान, अशा तीन अंगांनी प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे.

कालगणनेचा आधार :

प्रभवापासून क्षयापर्यंत ६० संवत्सरांचे एक चक्र असते. साठ वर्षे पूर्ण झाली की जन्मकाळचे संवत्सर पुन्हा येते. या अवधीत गुरूच्या सुमारे १२ वर्षांच्या पाच आणि शनीच्या सुमारे ३० वर्षांच्या दोन प्रदक्षिणा होतात. षष्ट्यब्दिपूर्तीच्या वेळी उग्ररथशांती करण्याची परंपरा आहे.

सहस्रचंद्रदर्शनामागेही असेच गणित आहे. दोन पौर्णिमांमधील सरासरी अंतर २९.५३ दिवसांचे असल्याने एक हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे जवळपास ८० वर्षे १० महिने लागतात. म्हणूनच हा विधी ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास होतो. पंचाहत्तरीला रूढ झालेला ‘अमृतमहोत्सव’ हा शब्द मात्र व्यक्तींप्रमाणेच संस्थांनाही लावला जातो.

सार्वजनिक आशय :

विसाव्या शतकात या कौटुंबिक संस्काराला महाराष्ट्रात सार्वजनिक रूप आले. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. ती रक्कम त्यांनी राष्ट्रकार्यासाठी देऊन टाकली. त्याच दिवशी सरकारने त्यांच्यावर चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाची नोटीस बजावली, हेही लक्षणीय आहे.

पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९१७ रोजी, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ८० व्या वाढदिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची स्थापना झाली. त्यांना अभ्यासपूर्ण लेखांचा गौरवग्रंथही अर्पण करण्यात आला. महाविद्यालयीन क्षेत्रात ज्येष्ठ अध्यापकांना गौरवग्रंथ देण्याची जी प्रथा दिसते, तिचे हे एक ठळक पूर्वोदाहरण होय. या दोन्ही प्रसंगी सत्काराचे फळ सत्कारमूर्तीपाशी थांबले नाही. एके ठिकाणी त्याचे दान झाले, तर दुसऱ्या ठिकाणी त्यातून विद्येचे केंद्र उभे राहिले.

स्त्रियांचे स्थान :

परंपरागत शांतिकर्मात यजमान पती असतो. वय त्याचे मोजले जाते आणि पत्नी सहधर्मचारिणी म्हणून शेजारी बसते. तिची स्वतःची साठी कुटुंबात अनेकदा नोंदलीही जात नसे. वैधव्य आल्यास तर तिला मंगलकार्यापासून दूरच राहावे लागे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्यापुढील वयाच्या सुमारे ५.३ कोटी स्त्रिया आणि ५.१ कोटी पुरुष होते. दीर्घायुष्य ज्यांना अधिक प्रमाणात लाभले, त्यांच्याच वाट्याला त्याचा सोहळा कमी आला, अशी ही विसंगती आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची शतकपूर्ती या संदर्भात आठवण्याजोगी आहे. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्यांच्या हयातीतच त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. ज्या स्त्रियांना मंगलकार्यात स्थान नव्हते, त्यांच्यासाठी झिजलेल्या आयुष्याचाच हा राष्ट्रीय गौरव होता.

समारोप :

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यानेही ज्येष्ठत्वासाठी साठ वर्षांचीच मर्यादा स्वीकारली आहे. ज्या वयात संवत्सरचक्र पूर्ण होते, त्याच वयात निर्वाह व संरक्षणाचे हक्कही सुरू होतात. तेव्हा या सोहळ्याची कसोटी हार-तुरे वा भोजनावळ ही नसून, त्यानंतरच्या वर्षांत त्या व्यक्तीला मिळणारी वागणूक ही आहे. आजीचे वय तिच्या स्वतःच्या जन्मापासून मोजणे, वैधव्याचा विचार न करता तिला पाटावर बसवणे आणि तिच्या आठवणी तिच्याच शब्दांत नोंदवून ठेवणे, एवढे झाले तरी ही जुनी प्रथा अधिक न्याय्य होईल. अशा नोंदींच्या कामी महाविद्यालयांतील इतिहास व समाजशास्त्र विभाग मोलाचा हातभार लावू शकतील.