इटालियन भाषेंतील ‘दूरचा’ भूतकाळ

इटालियन भाषेचा अभ्यास करूं लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला मोठी अडचण पडते ती भूतकाळाची. ‘मी गेलों’ ह्या अर्थीं तेथें दोन रूपें आहेत. ‘आन्दाइ’ हें एक. त्याला ‘पास्सातो रेमोतो’ म्हणजे दूरचा भूतकाळ म्हणतात. दुसरें ‘सोनो आन्दातो’. हा ‘पास्सातो प्रॉस्सिमो’, म्हणजे जवळचा. घोटाळा होतो तो ह्या नांवांनींच. विद्यार्थी दिवस मोजूं लागतो, आणि जवळचा भूतकाळ दूरचा केव्हां होतो असें गुरुजींना विचारतो!

येथें अंतर पंचांगांतलें नव्हे, मनांतलें आहे. घडलेल्या गोष्टीचा धागा बोलणाराच्या वर्तमानाशीं जुळलेला असेल तर ‘जवळचा’. ती पुरी होऊन अलग पडली असेल तर ‘दूरचा’. ‘पत्र लिहिलें’ आणि ‘पत्र लिहिलें आहे’ ह्यांतील भेद श्रोत्यांनीं ध्यानांत आणावा. दुसऱ्या वाक्यांत पत्र अजून मेजावर दिसतें. मात्र हें साम्य फार ताणूं नये; ‘आतांच आला’ असें आपण सहज म्हणतों, तेथें फ्लॉरेन्सचा मनुष्य दूरचा भूतकाळ वापरणार नाहीं.

दान्ते १२६५ सालीं फ्लॉरेन्स येथें जन्मला, हें सांगतांना चरित्रकार ‘नाक्क्वे’ लिहितो. हयात कवीविषयीं ‘ए नातो’ लिहिण्याचा प्रघात आहे. जन्मलेला मनुष्य अजून चालतो-बोलतो आहे ना! त्याच्याबद्दल ‘नाक्क्वे’ लिहिलें, तर तो वारला कीं काय अशी शंका वाचकास येऊं शकते.

प्रांताप्रांतांतही फरक आहे. मिलानकडे बोलण्यांतून दूरचा भूतकाळ जवळजवळ लोपला आहे. आजोबांचें लग्नसुद्धां तेथें ‘जवळच्या’ रूपांतच लागतें! सिसिलींत याच्या उलट, सकाळची गोष्टही कित्येकदां ‘दूरच्या’ रूपांत सांगतात. ग्रंथांत मात्र हें रूप टिकून आहे. मिलानच्याच मांझोनीनें आपली १८२७ ची कादंबरी १८४० ते १८४२ ह्या काळांत फ्लॉरेन्सच्या वळणानें सुधारून छापली. तिचें कथन ह्याच रूपांत चालतें.

मराठी श्रोत्यांच्या जिव्हाळ्याचें उदाहरण घ्यावयाचें, तर १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत मराठा पलटणीचा नायक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटा चालून गेला, ती त्यानें बंद पाडली आणि तेथेंच तो पडला. त्याच्याविषयीं बोलतांना मिलानचा मनुष्य ‘ए मोर्तो’ म्हणेल, सिसिलीचा ‘मोरी’. इटालियन भाषेंत त्याचें चरित्र छापावयाचें झाल्यास बहुधा ‘नाक्क्वे’ आणि ‘मोरी’ हींच रूपें येतील.