शेवटच्या षटकाचा मानकरी

होळीच्या सुमारास आमच्या करकंबच्या घरीं नातवंडें जमलीं म्हणजे सोप्यावर एक जुनी हिशेबाची वही उघडली जाते. वीस षटकांच्या क्रिकेटच्या मोठ्या स्पर्धेस आरंभ होण्यापूर्वीं प्रत्येकानें पाळीपाळीनें खऱ्या खेळाडूंचीं नांवें घेऊन आपला कल्पित संघ बांधावयाचा, आणि पुढें ते खेळाडू मैदानावर जें करतील त्याचे गुण वहींत त्या त्या संघाच्या धन्याच्या नांवें मांडावयाचे, असा हा खेळ आहे. एकानें घेतलेला खेळाडू दुसऱ्यास मिळत नाहीं. सारी चुरस त्यांतच आहे. गुण मांडण्याचें काम आम्हांकडे आलें. जन्मभर दुसरें केलें तरी काय होतें?

यांत पैशाचा संबंध नाहीं, हें आरंभींच सांगणें अवश्य आहे. हाच खेळ कांहीं वर्षें मोबाईलवर पैसे लावून चालत असे. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून पैशाचे असे खेळ बंद केले. त्यापूर्वींच आमच्या पुतण्याच्या मुलानें पुण्यास शिकत असतां एका सत्राची फी त्यांत घालविली होती. घरांत त्याविषयीं कोणी बोलत नसे, आणि वही उघडली कीं तो उठून परसांत जाई.

या खेपेस वाद निघाला तो अखेरच्या षटकांच्या गोलंदाजांवरून. आमच्या वहींत एका बळीस दहा गुण, आणि दुसऱ्या डावाचें शेवटचें षटक टाकून विजय राखणाऱ्या गोलंदाजास पंधरा. या पंधरा गुणांस मुलें 'राखण' म्हणतात. ही कल्पना अमेरिकेंत असलेल्या आमच्या भाच्याची. तिकडे बेसबॉलमध्यें थोडीशी आघाडी टिकवून सामना संपविणाऱ्या बदली गोलंदाजाच्या नांवें अशी नोंद १९६९ पासून अधिकृतपणें होत आली आहे. मारियानो रिवेरा याच्या नांवावर अशा ६५२ नोंदी आहेत. कल्पित संघांचा खेळही १९८० सालीं न्यूयॉर्कच्या लेखक-पत्रकार मंडळींच्या एका कोंडाळ्यांतूनच नांवारूपास आला. तेथेंही कोणास राखणीची संधि मिळेल याचा माग काढण्यांतच खेळणारांची निम्मी बुद्धि खर्च होते, असें भाचा लिहितो.

साहजिकच मुलें शेवटच्या षटकवाल्यांवर तुटून पडलीं. तोंच दाराशीं उभा असलेला पुतण्याचा मुलगा म्हणाला, "आजोबा, शेवटच्या षटकावर डोळा ठेवूनच मी बुडालों. तुम्ही २०१९ चा अंतिम सामना वहींत मांडून पाहा."

आम्हीं मांडला. १२ मे २०१९ रोजीं हैदराबादेस मुंबईनें चेन्नईस एका धांवेनें हरविलें. शेवटच्या षटकांत नऊ धांवा हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर दोन. मलिंगानें त्या चेंडूवर शार्दूल ठाकूर यास पायचीत केलें. हा चेंडू कोणी विसरणार नाहीं. परंतु त्याच मलिंगानें आपल्या चार षटकांत एकूण ४९ धांवा दिल्या होत्या. बुमराह यानें चार षटकांत १४ धांवा देऊन दोन बळी घेतले, आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला. आमच्या वहीच्या हिशेबानें मात्र मलिंगा पंचवीस, बुमराह वीस !

२९ जून २०२४ च्या बार्बाडोसच्या विश्वचषक सामन्याचें तेंच. दक्षिण आफ्रिकेस तीस चेंडूंत तीस धांवा हव्या होत्या. बुमराहनें सोळाव्या षटकांत चार आणि अठराव्यांत दोन धांवा देऊन एक गडी बाद केला. मग अर्शदीपचें एकोणिसावें षटक चार धांवांचें, आणि शेवटीं सोळा हव्या असतां हार्दिक पंड्या याच्या हातीं चेंडू आला. पंड्यानें काम चोख केलें, सूर्यकुमारनें सीमारेषेवर झेलही अपूर्व घेतला. पण तीस चेंडूंत तीस हें गणित सहा चेंडूंत सोळा असें कोणीं कोणीं करून ठेवलें होतें, तें राखणीच्या रकान्यांत कोठें दिसतें?

शास्त्रकार याला काकतालीय न्याय म्हणतील. कावळा बसला, ताडाचें फळ पडलें; श्रेय कावळ्यास. अखेरच्या षटकांत फलंदाज डोळे मिटून बॅट फिरवितो, तेव्हां मिळालेला बळी पुष्कळदां असाच असतो. तुषार देशपांडे यानें २०२३ च्या स्पर्धेंत २१ बळी घेतले, पण षटकामागें दहाच्या आसपास धांवा देऊन. बळींवर गुण असलेल्या वहींत तो रत्न. धांवा मोजणाऱ्या वहींत विचार करून घ्यावा असा. म्हणजे गोलंदाजाचें मोल पाहण्याआधीं वही कशास गुण देते तें पाहावें.

शितावरून भाताची परीक्षा हा स्थालीपुलाक न्यायही येथें लागू पडत नाहीं. साखळींतील चौदा सामन्यांत प्रत्येकीं दोन अखेरचीं षटकें धरलीं तरी ते १६८ चेंडूच होतात. एवढ्यांत दोन वाईट षटकें पडलीं कीं उत्तम गोलंदाजाची सरासरीही बिघडते. म्हणून एका वर्षाचे आंकडे पाहूं नयेत. तीन-चार वर्षांचे, आणि त्यांतही सोळा ते वीस या षटकांचे वेगळे काढून पाहावे. निर्धाव चेंडू किती, वाईड किती, पायांशीं यॉर्कर टाकण्याचें साधन आहे कीं केवळ वेग आहे, हें पाहावें. आणि कर्णधार संकटकाळीं चेंडू कोणास देतो तें तर पाहावेंच. सतराव्या किंवा अठराव्या षटकांत ज्याला आणतात, तो बहुधा संघांतील सर्वांत भरंवशाचा असतो.

हें लिहितांना एक गोष्ट आम्हांस टोचत आहे. आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी शालान्त परीक्षेंत संस्कृतांत फार वर आला, तेव्हां श्रीफळ आणि शाल आम्हांस मिळाली, कारण दहावीचा वर्ग आमचा. त्या मुलाकडून आठवींत शब्दरूपें आणि धातुरूपें घोटवून घेणारे सहकारी मागच्या बांकावर बसून टाळ्या वाजवीत होते. त्यांचें नांव आम्हीं आभाराच्या भाषणांतही घेतलें नाहीं. ते आज हयात नाहींत.

राखणीचा रकाना आम्हीं तांबड्या शाईनें खोडला. त्याऐवजीं सोळाव्या षटकापुढील प्रत्येक निर्धाव चेंडूस एक गुण ठरविला. धाकट्यांनीं थोडी कुरकुर केली. पुन्हां चिठ्ठ्या टाकल्या, आणि या वेळीं पुतण्याच्या मुलाचीही टाकली. त्याची पाळी चौथी आली. तोंवर बुमराह गेला होता. त्यानें जें नांव सांगितलें तें आम्हीं कधीं ऐकलेंही नव्हतें, आणि वहींत लिहितांना त्याला दोनदां विचारावें लागलें.